सात पिवळ्या नळ्या, एक जांभळी

नरदे साहेबांनी टाकीत बोट बुडवलं आणि वर काढलं. बोटावरून दूध ओघळलं आणि परत टाकीत पडलं. दही असतं तर बोटाला धरून राहिलं असतं. पहाटे पाचला विरजण लावलं होतं, आता दहा वाजत आले होते, आणि टाकीत नुसतं कोमट दूध.

"मॅडम, पंधरवड्यातली ही चौथी टाकी," साहेब म्हणाले. "पाडवा बारा दिवसांवर आलाय. श्रीखंडाच्या ऑर्डरी घेऊन बसलोय आपण. चक्का कशाचा बांधायचा? माझ्या डोक्याचा?"

व्यवस्थापकांनी टाकीत बोट घालू नये असा नियम होता आणि तो भिंतीवर रंगवलेलाही होता. पण मला नोकरीला लागून अडीच महिने झाले होते आणि नरदे साहेबांना नियम दाखवण्याची माझी टाप नव्हती. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या बाजूचा एक दूध संघ होता, नाव सांगत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, चोवीस वर्षांची, संघातली पहिली बाई केमिस्ट. पांढऱ्या कोटाच्या खिशावर मी लाल दोऱ्याने 'मे. हळबे' असं स्वतः भरलं होतं, आणि तो कोट मी दिवसभर अंगातून काढत नसे.

"हात कुणाचा लागला, ते बघायला पाहिजे," चौगुले म्हणाले. चौगुले म्हणजे आमचे सुपरवायझर. दूध नासलं, पंप बिघडला, वीज गेली, तरी त्यांना आधी माणूस हवा असायचा. "विरजणाच्या खोलीत कोण जातं, साहेब? हौसाबाई."

विरजणाची खोली ही संघातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात जपलेली जागा होती. तिथे एका लहान चंबूत मूळ विरजण असायचं. ते रोज ताज्या उकळलेल्या दुधात पुढे चालवायचं, त्यातून मोठे कॅन लावायचे, आणि दुसऱ्या पहाटे ते कॅन टाक्यांत ओतायचे. हे काम सतरा वर्षं हौसाक्का शिणगारे करत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, कमी बोलणाऱ्या. सहाला येऊन आंघोळ करायच्या, कामाची वेगळी साडी नेसायच्या, वेगळ्या चपला घालायच्या, आणि मग चंबूला हात लावायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दुधाची वाफ नाकाशी घेऊन ते किती गरम आहे ते सांगायच्या आणि माझा थर्मामीटर बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत व्हायचा.

"सतरा वर्षांत असं झालं नाही," मी म्हणाले.

चौगुल्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही शहरातल्या. इथं बायका सांगत नाहीत. त्या चार दिवसांत हात लागला की विरजण धरत नाही. लोणचं बघा, पापड बघा. विटाळ हो, दुसरं काय!"

मी हसायला हवं होतं. मी हसले नाही. दोन आठवडे मी या टाक्यांमागचं कारण शोधत होते. दूध तपासलं, तापमान तपासलं, गोठ्यात जनावरांना दिलेल्या औषधांचा अंश आहे का तेही तपासलं. हाती काही लागलं नव्हतं. साहेबांनी माझ्यापुढे छापील तक्ता सरकवला. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: 'हाताळणीतील अस्वच्छता.' विटाळ हा शब्द मी लिहिला नाही, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. खाली सही केली.

हौसाक्कांना बोलावून सांगण्यात आलं की शनिवारी संचालकांची बैठक आहे, निर्णय होईपर्यंत घरी बसा. त्या चौगुल्यांकडे बघत होत्या. चौगुल्यांनी तो शब्द त्यांच्या तोंडावरही म्हटला, चार कामगार उभे असताना. मला वाटलं, आता ही बाई भडकेल. मनातून मला तसं हवंही होतं. पण हौसाक्कांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बरं. जातो मी."

कामाची साडी खुंटीला टांगून त्या गेल्या.

"आता खोली तुमच्याकडं," नरदे साहेब मला म्हणाले. मग ते उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागले. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, राग मानू नका. आमच्या घरीही पाळतात. तुम्ही आपलं... ते दिवस सांभाळता ना?"

मी मान डोलावली. विद्यापीठात दुसरी आलेली मी, त्या प्रश्नाला मान डोलावून मोकळी झाले.

हौसाक्का गेल्यावर सगळं सुरळीत होईल असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. आधी पंधरवड्यात चार टाक्या बिघडल्या होत्या. आता मंगळवारी दोन बिघडल्या, बुधवारी तिन्ही. माझ्या हाताने, स्पिरिटच्या दिव्याशेजारी, पुस्तकात लिहिलंय तसं लावलेलं विरजण दुधात जाऊन गप्प बसत होतं. चौगुले म्हणाले, "खोलीत राहिलंय तिचं. गोमूत्र शिंपडू." आणि खरंच शिंपडलं.

गुरुवार माझ्या सुट्टीचा. बिघडलेल्या टाकीतलं दूध बाटलीत भरून मी मिरजेला गेले, माझ्या जुन्या सरांकडे. आठवले सर निवृत्त झाले होते, पण घराच्या मागच्या पडवीत त्यांचा सूक्ष्मदर्शक अजून मांडलेला असे. त्यांनी एक थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला, धुतला आणि डोळा लावला.

"ये, बघ," ते म्हणाले. "काय दिसतंय?"

एरवी दह्याच्या थेंबात जांभळ्या काड्या गर्दीने दिसतात. इथे मोजक्या काड्या आणि सगळीकडे फाटके तुकडे.

"फुटलेत, सर."

"फुटलेत. मेले नाहीत नुसते, फुटलेत. आता सांग, दह्याचा जिवाणू जांभळा रंग का धरतो?"

"ग्रॅम पॉझिटिव्ह आहे. भिंत जाड असते."

"परीक्षेतलं उत्तर झालं. भिंत म्हणजे काय? घोंगडी समज. जाड विणलेली जाळी, थरावर थर. त्या विणीमुळेच तो आतल्या दाबाने फुटत नाही. आणि त्या घोंगडीला बाहेर लव असते. टायकोइक आम्लाचे लांब धागे. शिकवलं होतं मी, तू दुसऱ्या बाकावर बसून काहीतरी विणत होतीस."

"रुमाल, सर."

"या लवेवर त्याचं पुष्कळ काही चालतं. मॅग्नेशियम धरून ठेवायचं, आकार राखायचा, वाढताना स्वतःची भिंत कुठे कातरायची यावर ताबा ठेवायचा. पण रानातून घोंगडी पांघरून गेलं की लवेला काय चिकटतं?"

"कुसळं."

"तसा याला एक विषाणू चिकटतो. जिवाणू खाणारा. या जातीत तो नेमका त्या धाग्यालाच धरतो, तिथून भिंतीला भोक पाडतो, आत शिरतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात शंभर होऊन बाहेर पडतो. तुझी टाकी दही लावायला बसते तेव्हा आत ही कत्तल चाललेली असते."

सतरा वर्षं हेच काम केलेल्या बाईला मी 'अस्वच्छ' म्हणून सही केली होती, आणि कारण डोळ्यांना दिसणारंसुद्धा नव्हतं.

"मग ही लवच नसलेला जिवाणू घ्यायचा," मी म्हणाले.

"असतात तसे. या बाटलीतही चार-दोन वाचलेले असतील. पण ते कसे वाढतात बघ एकदा. वेडेवाकडे, मंद. दही लागेल, पण पाणचट. ज्याने तो जगतो त्यालाच धरून मरण येतं, त्याला इलाज नाही. तू दुसऱ्या घराण्याच्या विरजणाची कुपी माग, जिची लव निराळी आहे. पण त्याआधी दुसरं एक शोध." सरांनी बाटली माझ्या हातात दिली. "हा विषाणू चक्क्याच्या पाण्यात असतो. चक्का पिळतात तिथे हवेत तुषार उडतात, त्यात असतो. त्याला पाय नाहीत. तिथून विरजणाच्या खोलीपर्यंत त्याला कुणीतरी घेऊन जातंय. अंगावर, कपड्यावर. कोण ते काढ."

परतीच्या एस.टी.त मी यादी केली. चक्का विभागातले पाच जण. चौगुले, कारण ते सगळीकडे नाक खुपसायचे. आणि हौसाक्कांची साडी खुंटीवर होतीच. मनातून मला वाटत होतं, चौगुलेच निघावेत. देवाला सांगून झालं होतं तसं.

शुक्रवारी सकाळी मी प्रयोग लावला. सातही जणांच्या कपड्यांची बाही किंवा पदर निर्जंतुक पाण्यात खळबळून घेतला. ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की जिवाणू अडकावेत आणि विषाणू तेवढे खाली उतरावेत. मग जांभळ्या रंगाचा दर्शक घातलेल्या दुधाच्या नळ्या घेतल्या. फ्रिजमधल्या बंद कुपीतलं ताजं विरजण प्रत्येकीत टाकलं, आणि वरून प्रत्येकाच्या कपड्याचं पाणी. विरजण जिवंत राहिलं तर आम्ल तयार होणार आणि दूध पिवळं पडणार. विषाणूने मारलं तर दूध जांभळंच राहणार. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

आठवी नळी तुलनेसाठी हवी होती. ज्यात काही नाही अशी, स्वच्छ कपड्याची. मी माझ्या कोटाची बाही बुडवली.

हे लिहितानाही मला गंमत वाटते. नुसतं निर्जंतुक पाणी घेतलं असतं तरी चाललं असतं, ते बरणीभर समोर होतं. पण स्वच्छ म्हटल्यावर माझा हात माझ्याच कोटाकडे गेला. नळीवर मी 'स्वच्छ' असं लिहिलंही.

अकरा वाजता पहिली नळी पिवळी पडली. हौसाक्कांच्या साडीची. त्यानंतर पाऊण तासात चक्क्यावरची पोरं एकेक करून पिवळी पडत गेली. त्यांच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या असत, आणि अंगावरचं फडकं ती रोज सोड्यात उकळत. चौगुल्यांची नळी सगळ्यात शेवटी, साडेबारा वाजता पिवळी पडली. मी चौगुल्यांवर जरा नाराज झाले.

आठवी जांभळीच होती.

मला वाटलं, विरजण टाकायला विसरले. एक वाजता बघितलं, दोन वाजता बघितलं. तीन वाजता नळी तिरपी केली. दूध पाण्यासारखं काचेवरून सरकलं. मी स्टुलावर बसले.

कोट माझ्या अंगातच होता. मी उजवी बाही समोर धरली. मनगटापाशी कापड जरा कडक झालं होतं. वास घेतला. चक्क्याच्या पाण्याचा आंबूस वास.

माझ्या आधीचा केमिस्ट चक्क्याच्या विभागात कधी पाय ठेवत नसे. शिपाई त्याला नमुना आणून द्यायचा. मी आले, आणि पाडव्याच्या चक्क्याचं काम सुरू झालं तेव्हा ठरवलं की असं बसून काम करायचं नाही. रोज साडेआठला मी स्वतः तिथे जायचे, पिळणाऱ्या यंत्राखाली पात्र धरायचे, तुषार अंगावर घ्यायचे, आणि तशीच, त्याच कोटात, नऊ वाजता विरजणाच्या खोलीत जाऊन हौसाक्कांनी लावलेले कॅन उघडून बघायचे. उघड्या कॅनवर वाकून. नरदे साहेबांनी माझ्या या मेहनतीचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

विश्वास बसेना म्हणून मी दुसऱ्या बाहीची नळी लावली. शनिवारी सकाळी तीही जांभळी होती.

बैठक दुपारी चारला होती. मी कोट कपाटात बंद केला आणि साहेबांना न सांगता हौसाक्कांच्या गावाला गेले. गाव संघापासून तीन किलोमीटर. हौसाक्का दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. घोंगडं बघून मला रडूच यायला लागलं.

"हौसाक्का, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमची साडी स्वच्छ निघाली. ते माझ्या कोटावरून जात होतं. चक्क्याच्या पाण्यात एक बारीक कीड असते, ती मी रोज आणून तुमच्या कॅनमध्ये टाकत होते."

मला वाटलं होतं, त्या दचकतील. त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुमच्यावरनंच जातंय, त्ये ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कीड हाय का काय, त्ये मला न्हाई कळत. पर शुकरवारचं दही कवा बिगडलं, सांगा बगू? बेस्तरवारी तुमची सुट्टी. त्या दिशी कॅन मी एकटीनं लावलेलं. शुकरवारी टाक्या दगडावानी लागायच्या. बाकीच्या दिशी तुमी येऊन झाकणं काडायचा. आट-धा दिस बगितलं, मग ध्यानात आलं."

माझ्या वहीत रोजचे आकडे होते, तारखांसकट. वार मी एकदाही बघितला नव्हता.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. माझ्याच चुकीसाठी मी त्यांच्यावर ओरडत होते. "चौगुले तोंडावर विटाळ म्हणाले, चार पुरुषांत! तेव्हा तरी बोलायचं!"

हौसाक्का हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, माजी पाळी जाऊन सा वर्सं झाली."

बाहेर कुणीतरी म्हशीला हाकलत होतं. सहा वर्षं. चौगुल्यांनी आरोप केला, साहेबांनी ऐकला, मी त्याखाली सही केली, आणि तिघांपैकी एकालाही या बाईचं वय दिसलं नव्हतं. त्या दोघांचं एक वेळ सोडा. मी बाई होते.

"मग एवढंच सांगायचं होतं त्यांना," मी कशीबशी म्हणाले. "एका वाक्यात मिटलं असतं."

"मिटलं असतं?" हौसाक्कांनी सूप खाली ठेवलं. "त्या खोलीत बायका किती जातात?"

मी मनात मोजलं.

"दोन. मी न्हाई म्हटल्यावर दुसरी कोन? चौगुल्यानं तितल्या तितं तुमच्याकडं बोट केलं असतं. समद्यांच्या म्होरं तुमाला इचारलं असतं, कवा बसलीस, कवा उठलीस. तुमी चोवीस वर्साच्या. लाल दोऱ्यानं नाव काडून कोट घालून येतासा. दुसऱ्या दिशी आला असता का कामाला?" त्या थांबल्या. "आनी तुमी गेला असता, तर संघानं पुना कवा पोरगी घेटली असती व्हय? माजी नात धावीत हाय. शास्त्रात हुशार हाय."

घोंगड्याची लव माझ्या बोटांना टोचत होती. मी ती उपटत बसले होते हे मला नंतर कळलं.

"मला वाटलं, तुमी हुडकशिला," हौसाक्का म्हणाल्या. "शिकलेल्या हाईसा. जरा येळ लागला, एवडंच."

चार वाजता मी बैठकीत उभी राहिले. आठ नळ्या मी लाकडी स्टँडवर लावून नेल्या होत्या. सात पिवळ्या, एक जांभळी. कुठली कुणाची ते सांगितलं. विषाणू, भिंत, भिंतीवरचे धागे, जमेल तसं सांगितलं. संचालक शेतीतली माणसं, कुसळाची गोष्ट त्यांना लगेच कळली. एक जण तर म्हणाला, "म्हणजे वाण बदलायचं." बरोबर होतं. नव्या घराण्याची कुपी मी आधीच मागवली होती.

मला वाटलं, संपलं. मी नळ्या आवरायला लागले. तेवढ्यात अध्यक्ष नरदे साहेबांकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, पण खोली लहान होती, सगळ्यांनी ऐकलं: "मग ह्या मॅडमना विचारलं होतंत का, त्या दिवसांचं?"

हौसाक्कांनी सकाळी दारात बसून सांगितलं होतं, अगदी तसंच. विषाणू दाखवून झाला होता, नळ्या समोर होत्या, आणि तरी तसंच. मी हबकून गेले. आवरायला घेतलेला स्टँड मी परत टेबलावर ठेवला.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मी मान डोलावली होती. ती खोटी होती. मी ते दिवस पाळत नाही, आणि पुढेही पाळणार नाही. दूध माझ्या कोटामुळे बिघडलं. तो सोड्यात उकळला की झालं." आवाज चिरकत होता, पण मी थांबले नाही. "आणि ज्यांना तुम्ही घरी बसवलंत त्यांची पाळी सहा वर्षांपूर्वी गेली आहे. कुणी विचारलं नाही. मीही नाही. खालची सही माझी आहे."

चौगुले छताच्या पंख्याकडे बघत होते. नरदे साहेबांनी माझा तक्ता पुढे ओढला, माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला स्वतःची सही केली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी विरजणाच्या खोलीशी पोचले, तर दार आतून बंद. मी टकटक केली. दार चार बोटं उघडलं. आत हौसाक्का उभ्या होत्या, कामाच्या साडीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी चक्क्याच्या विभागात गेले नव्हते, कोट घरून उकळून, इस्त्री करून आणला होता. तसं त्यांना सांगितलं.

"आसंल," हौसाक्का म्हणाल्या, आणि फटीतून हात बाहेर काढला. "काडा."

मी लाल दोऱ्याचा कोट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाहेरच्या खुंटीला टांगला, आणि मगच दार पूर्ण उघडलं.